शैवलवाढ, नव्या सागरी मत्स्यपेटीतील

खाऱ्या पाण्याची पेटी मांडल्यावर पहिल्या काही महिन्यांत काच, वाळू व खडकांवर जमणारी शैवले आणि शैवलासारखे दिसणारे सूक्ष्मजीव. अमोनियाचे नायट्राइट व त्याचे नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात. तोवर खडक ओकाबोका असतो आणि जो आधी पोचेल तो तिथे ठाण मांडतो.

पहिली येते ती तपकिरी भुकटी, म्हणजे डायटम ही एकपेशीय शैवले. त्यांचे कवच सिलिकाचे असते, त्यामुळे पाण्यात सिलिकेट (विरघळलेली सिलिका) आहे तोवर ते हटत नाहीत. इंदुरात मुख्य अडचण हीच. माळव्याचे पठार काळ्या बेसॉल्टचे, त्यामुळे बोअरिंगच्या पाण्यात सिलिका उतरते. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किमी.वरून येणारे नदीचे पाणी पिण्याला गोड, पण विरघळलेले क्षार त्यातही असतातच. घरच्या आरओतूनही थोडी सिलिका निसटते. तिला अडवायला पुढे डीआय रेझिन (पाण्यातले उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे मणी) जोडावे लागते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पेटीतले पाणी रोज आटते. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, मीठ आणि सिलिका मागेच राहतात. ती तूट बोअरिंगचे पाणी ओतून भरली तर सिलिका दर दिवशी साठत जाते. म्हणून भर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) शून्य असलेल्या पाण्याचीच घालावी.

औषधाआधी ओळख पटवावी. लालजांभळा थर दुधाच्या सायीसारखा अखंड उचलला गेला, तर तो सायनोबॅक्टेरियाचा. हे शैवल नव्हेच, जीवाणू आहेत. हिरवे केस, म्हणजे केसाळ शैवल, चिमटीत धरून उपटता येतात. तेच पिसासारखे फुटलेले असतील तर ब्रायोप्सिस नावाचे शैवल, आणि ते चिवट. टोकाला हवेचे बुडबुडे धरणारे तपकिरी, शेंबडासारखे तंतू बहुधा डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या एकपेशीय सूक्ष्मजीवांचे. ते बाटलीतल्या पाण्यात जोरात हलवावेत, कागदी गाळणीतून गाळावेत आणि पाणी तासभर उजेडात ठेवावे. तंतू पुन्हा जुळून आले, तर संशय पक्का.

डायनोंच्या बाबतीत नेहमीचा उपाय अंगाशी येतो. केसाळ शैवलासाठी माशांचे खाणे कमी करणे, दिवा 8 तासांवर आणणे, टूथब्रशने खरवडून नळीने ओढून घेणे आणि शैवल खाणाऱ्या टर्बो गोगलगायी सोडणे हे सारे योग्य. पण नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेले, की प्रतिस्पर्धी उपाशी मरतात आणि डायनो फोफावतात. त्यांच्यातल्या काहींच्या विषाने गोगलगायीही दगावतात. तेव्हा नायट्रेट 5 पीपीएमच्या (दहा लाखांत 5 भाग) आसपास व फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम राखावे.

स्वच्छतेचा अभिमान बाळगणाऱ्या या शहरात मायेने मिळणारा सल्ला एकच असतो: ‘अरे, सगळं बाहेर काढ आणि नळाखाली घासून घे.’ गोड्या पाण्यातले मासे पाळलेल्या आजोबांचा तो अनुभवच असतो. पण नळाच्या क्लोरिनखाली खडक धुतला, की त्यावरचे जीवाणू मरतात आणि पेटी पुन्हा पहिल्या आठवड्यात जाते.