गावातलं घर, तालुक्यातला प्लॉट: विदर्भातल्या मध्यम कुटुंबाच्या घराची पार्श्वभूमी

खेड्यात घर स्वस्तात होतं, हा शहरातल्या माणसाचा समज. विदर्भात चार-पाच एकर कपाशी किंवा सोयाबीन, घरात एखादी छोटी नोकरी, दारात मोटरसायकल आणि शिकणारी दोन मुलं असलेल्या कुटुंबाला आज पक्कं घर बांधणं जड जातं. ही वेळ एकाएकी आलेली नाही.

एकेकाळी घराला रोकड फारशी लागतच नसे. वऱ्हाडाच्या पश्चिम भागात धाब्याचं घर असे. त्याच्या भिंती जाड मातीच्या, त्यावर लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं घर. कवेलू गावचाच कुंभार पाडायचा आणि छपराच्या बल्ल्या-फाटे निस्तार हक्काने, म्हणजे घरगुती गरजेपुरतं लाकूड घ्यायच्या गावकऱ्यांच्या हक्काने, जंगलातून यायचे. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, म्हणजे काढून पुन्हा नीट रचायचे, सणावाराला भिंती सारवायच्या, ही डागडुजी घरचीच माणसं करत. जंगलाचे नियम कडक होत गेले, लाकूड डेपोतून लिलावाच्या भावाने घ्यावं लागलं आणि कवेलू फेरणारे हातही कमी झाले. माकडांचा वाटाही धरायला हवा. त्यांनी छपरावर नाचून कवेलू फोडले म्हणून टिनपत्रे घालणारी घरं गावोगाव सापडतील.

तेव्हापासून घर म्हणजे सिमेंट, लोखंड आणि रेती, म्हणजे सगळं विकतचं. सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण १९८२ मध्ये थोडं सैल झालं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही असा सिमेंट कारखान्यांचा पट्टा आहे, पण त्या धुळीत राहणाऱ्यालाही पोतं बाजारभावानेच मिळतं. त्यावर जीएसटी २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये १८ वर आला. रेतीची गोष्ट आणखी चीड आणणारी. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा अशा नद्या उशाशी असूनही रेतीघाटाचा लिलाव अडला की काम थांबतं. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली. ती गरजेचीच होती, पण मंजुरी आणि लिलाव रेंगाळले की चोरटा ट्रॅक्टर सुरू होतो आणि भाव तो ठरवतो. राज्याने २०२३ मध्ये डेपोवर ६०० रुपये ब्रास दराने रेती द्यायचं ठरवलं. मात्र वाहतूक ग्राहकाच्याच माथी असल्याने घरापर्यंतचा आकडा वेगळाच निघायचा.

हा सगळा खर्च निघायचा पिकातून. कापसाचा पैसा वऱ्हाडात आला तो १८६० च्या दशकात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस अडला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. बाजाराच्या गावांत सागवानी वाडे उभे राहिले ते व्यापारी, सावकार आणि मोठ्या जमीनदारांचे. सामान्य शेतकऱ्याला थोडी शाश्वती दिली ती १९७२ च्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने. चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचा पैसा, हप्त्याहप्त्याने येई, लोक वैतागत, तरी हमखास येई, आणि घराचे बेत त्या चुकाऱ्यावर आखले जात. २००० नंतर ती योजना मोडकळीस आली. कर्ज आणि आत्महत्यांच्या सावटात केंद्राने २००६ मध्ये सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं. त्या काळात घराचा विचार मागेच पडला.

कर्ज काढून बांधावं, तर कागद आडवा येतो. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) या भागात मालगुजारी होती, म्हणजे सारा वसूल करणारा मालगुजारच गावाचा मालक. वस्तीची जागा मालगुजाराच्या हक्कात होती. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, आबादी, म्हणजे वस्तीची जागा, सरकारकडे आली आणि घरं राहणाऱ्यांकडे राहिली. पण लहान गावांच्या गावठाणाची घरनिहाय मोजणी कित्येक वर्षं झालीच नाही. शेताचा सातबारा चोख, आणि घराचा पुरावा काय, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. त्यात घर क्रमांक, मालकाचं आणि भोगवटादाराचं नाव, घर मातीचं की पक्कं, आणि कर किती, एवढंच. ती कर आकारणीची नोंद आहे. बँकेचा वकील ती बघतो आणि कागद परत सरकवतो.

सरकारी मदतीतही हे कुटुंब मध्येच लटकतं. १९८५ ची इंदिरा आवास, २०१६ पासूनची पंतप्रधान आवास योजना ग्रामीण, शिवाय राज्याच्या रमाई, शबरी, मोदी आवास या योजना गरिबांसाठी आहेत आणि तसंच असायला हवं. पण पंतप्रधान आवासची चाळणी पाहा. ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असलं की नाव गळतं. पाच एकर कपाशीवाल्याचं पीककर्ज सहज त्यापुढे जातं, म्हणजे डोक्यावरचं कर्जच श्रीमंतीचा पुरावा ठरतं. मोटरसायकल आणि फ्रीज या अटी २०२४ मध्ये निघाल्या, ही अट राहिली. मध्यम उत्पन्न गटाला २०१७ ते २०२१ दरम्यान गृहकर्जावर मोठी व्याजसवलत मिळाली, ती शहरी हद्दीतल्या घरांना. खेड्यासाठीची सवलत होती २ लाखांच्या कर्जावर ३ टक्के.

मग अशा घरातले, जिल्हा परिषद शाळेत नोकरी करणारे गुरुजी काय करणार? तालुक्यात लेआउटमध्ये प्लॉट घेतात. बायकोचंही मत तेच, कारण मुलांचं कॉन्व्हेंट, म्हणजे इंग्रजी शाळा, तिथेच आहे. २०१४ पासून बहुतेक तालुक्याच्या गावांना नगरपंचायती झाल्या आणि भोवतालच्या शेतात मुरमाचे रस्ते अन् प्लॉटच्या हद्दीचे दगडी खुंट दिसू लागले. एनए, म्हणजे बिगरशेती झालेला प्लॉट महाग, न झालेला स्वस्त, पण त्याची रजिस्ट्री बरीच वर्षं तुकडेबंदीत, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे विकू न देणाऱ्या कायद्यात अडकायची. जुने गुरुजी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून बांधत. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या बहुतेकांना ती जुनी पेन्शन आणि तो निधी नाही. त्यामुळे हप्ता, अप-डाउनचं पेट्रोल, कॉन्व्हेंटची फी, आणि गावात म्हाताऱ्या आईवडिलांचा दवाखाना, असा दोन चुलींचा खर्च एका पगारात बसवावा लागतो. शेतकऱ्याकडे तर तो ठरलेला पगारही नाही.

२०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत आणि घराची सनद, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, हातात येते आहे. नमुना ८ ची अडचण त्यामुळे बरीच सुटेल. पण सनद घेऊन कर्जाला गेलं तरी मूल्यांकन करणारा पुढचा प्रश्न विचारतोच: उद्या हप्ते थकले आणि हे घर विकायला काढलं, तर या गावात घेणार कोण?