अजान झाली की औषधाची गोळी : निर्वासित छावणीत जखमी मेंदूचा सराव

ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातल्या कॉक्स बझारला आले. तिथल्या हिंसाचारात अनेक जण जखमी झाले होते. बंदुकीच्या गोळीची किंवा भाजल्याची जखम डोळ्यांना दिसते. डोक्यावर बसलेला मार बरेचदा दिसत नाही. डोके जोरात हादरले की कवटीच्या आत मेंदू पिळवटतो आणि पेशींचे लांब तंतू ताणले जातात. सीटी स्कॅनमध्येही हे नुकसान अनेकदा येत नाही. पुढे माणूस जुन्या गोष्टी नीट सांगतो, पण सकाळी सांगितलेले दुपारी विसरतो, हाती घेतलेले काम अर्धवट सोडतो, लवकर चिडतो. घरच्यांना तो आळशी झाला असे वाटते. अशा माणसाला रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेतात.

तपासणीपासूनच अडचणी सुरू होतात. शंभरातून सात-सात वजा करा, घड्याळाचे चित्र काढा, या चाचण्या शाळेत गेलेल्यांसाठी बनलेल्या आहेत. ज्याने कधी पेन्सिल धरली नाही तो धडधाकट मेंदू असूनही त्यात नापास होतो. दुसरी अडचण दुभाष्याची. विस्कळीत उत्तर तो सवयीने नीटनेटके करून सांगतो आणि निदानाला लागणारा पुरावाच पुसला जातो. म्हणून त्याला आधीच बजावावे लागते : वाक्य तुटले तर तुटलेलेच सांगा, तोच शब्द तीनदा आला तर तीनदा सांगा. शिवाय वाईट स्वप्ने, अपुरी झोप आणि नैराश्य यांनीही स्मरणशक्ती ढासळते. त्यांच्यावरचे उपचार सरावासोबतच चालायला हवेत.

सराव कशाचा करायचा? कोडी आणि पत्त्यांचे खेळ खेळून माणूस बहुधा त्या खेळातच तरबेज होतो, रोजच्या कामात त्याचा फायदा फारसा उतरत नाही. म्हणून गोळी घेणे, पाणी आणणे, रेशन आणून घरी परतणे, हीच कामे सरावाला घ्यावीत. एका वेळी एकच.

करायच्या गोष्टी लिहून ठेवायची स्मरणवही हे या उपचारातले नेहमीचे साधन, पण इथल्या अनेक प्रौढांना लिहिता-वाचता येत नाही. तिच्या जागी आधीपासून पक्की असलेली सवय वापरता येते. अपस्माराची (फिट येऊ नये म्हणून घ्यायची) गोळी दिवसातून दोनदा असेल तर पहाटेच्या आणि रात्रीच्या अजानीला ती जोडावी. डबी नमाजाच्या चटईशेजारी, कायम त्याच जागी. रमझानमध्ये वेळा सहरी (रोज्याआधीचे पहाटेचे खाणे) आणि इफ्तार (संध्याकाळी रोजा सोडणे) यांप्रमाणे पुन्हा बसवाव्या लागतात, आणि ते डॉक्टरांना विचारूनच.

नवी गोष्ट लक्षात बसवताना वेळेचे अंतर वाढवत विचारावे. ‘डबी चटईजवळ आहे’ असे सांगून लगेच विचारा, ‘डबी कुठे आहे?’ मग 30 सेकंदांनी, एक मिनिटाने, दोन, चार, आठ मिनिटांनी. उत्तर चुकले की बरोबर उत्तर लगेच सांगा, त्याच्याकडून म्हणवून घ्या आणि जे अंतर शेवटचे जमले होते तिथे परत जा. ‘आठव ना, जोर लाव’ म्हणत अंदाज बांधायला लावू नका. स्मरणशक्तीला जबर इजा झालेल्या मेंदूत चूक सवयीसारखी मुरते, पण ती चूक होती हे लक्षात राहत नाही. मग दुसऱ्या दिवशी तोच चुकीचा अंदाज पुन्हा बाहेर येतो.

वाट शिकवणे त्याहून कठीण. बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या सगळ्या सारख्याच दिसतात. खुणा निवडताना कूपनलिका, मशीद, सिमेंटच्या पायऱ्या अशा टिकणाऱ्या घ्याव्यात. दुकानाची पाटी किंवा रंगीत ताडपत्री खूण म्हणून धरू नये : पावसात दरड कोसळते, कधी आग लागते. 22 मार्च 2021 च्या आगीत हजारो झोपड्या गेल्या. खुणा बदलल्या की सराव पहिल्यापासून करावा लागतो, हे कुटुंबाला आधीच सांगून ठेवावे. वाट उलटीकडून शिकवणे सोपे जाते. आधी घरापर्यंतचा शेवटचा टप्पा त्याला एकट्याने चालू द्यावा, मग त्याच्या मागचा.

वास येतो का, हे विचारायला विसरू नये. डोक्याच्या माराने वासाच्या नाजूक नसा तुटू शकतात, आणि छावणीत स्वयंपाक आता गॅसवर होतो. वास न येणाऱ्या माणसाला गॅसची गळती कळत नाही, म्हणून त्याने एकट्याने शेगडी पेटवू नये. स्वयंपाक झाल्यावर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करण्याचे काम घरातल्या ठरलेल्या एका माणसाकडे द्यावे. ‘कुणीतरी बघेल’ असे ठेवले की ते राहून जाते.

सत्र वीस मिनिटांच्या आसपास ठेवावे, शक्यतो सकाळी. डोके दुखू लागले किंवा चुका वाढल्या की तिथेच थांबावे. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, नव्याने आलेला फिटचा झटका किंवा गुंगी असेल तर सराव बाजूला ठेवून रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यावे. कवटीत रक्त हळूहळू साठून काही आठवड्यांनीही अशी लक्षणे येतात.