संगीताशी जुळवलेले संगणकीय अ‍ॅनिमेशन

ध्वनिमुद्रित संगीतातील मात्रा, आघात, स्वर आणि आवाजाचा चढउतार यांच्या नेमक्या वेळा काढून त्यांवर संगणकाने घडवलेली हालचाल बसवण्याची पद्धत. स्टुडिओत याला ‘सिंक करणे’ किंवा ‘बीटवर बसवणे’ म्हणतात. गाणे आधी, चित्र नंतर, हा यातला क्रम. चित्रपटांची गाणी आधी ध्वनिमुद्रित करून मग सेटवर वाजवत चित्रित करण्याची रीत मुंबईत मुरलेली असल्याने इथल्या कारागिरांना हा क्रम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तयार चित्राला संगीत देणे हा पार्श्वसंगीताचा विषय. तो या नोंदीत घेतलेला नाही.

मुंबईत हे काम मुख्यतः तीन ठिकाणी लागते: अंधेरी ते मालाड पट्ट्यातील स्टुडिओंत होणारी बालगीते व चित्रपटगीते, रंगमंचावरील कार्यक्रमांच्या मागची एलईडी भिंत, आणि गणेशोत्सवातले देखावे. यांतले शेवटचे काम सर्वांत कमी नावाजले जाते आणि तेच सर्वांत अवघड असते.

पूर्वपीठिका

चित्र तालावर हलवण्याचे प्रयत्न संगणकाच्या आधीपासूनचे आहेत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वॉल्ट डिझ्नी यांच्या स्टुडिओत फिल्मच्या फ्रेम (एकेक स्थिर चित्र) आणि संगीताच्या मात्रा एकमेकींशी मोजून मांडल्या जाऊ लागल्या. पात्राच्या पावलागणिक वाद्याचा ठोका देण्याच्या त्या शैलीला पुढे ‘मिकी-माउसिंग’ असे काहीसे चेष्टेचे नाव पडले. जर्मन अ‍ॅनिमेटर ऑस्कर फिशिंगर यांनी अमूर्त आकृत्या संगीतावर नाचवल्या, तर अमेरिकन अ‍ॅनिमेटर जॉन व्हिटनी यांनी १९६० च्या दशकात हेच काम संगणकावर नेले. १९८३ मध्ये ‘मिडी’ हे वाद्ये व संगणक जोडणारे मानक आल्यावर कोणता स्वर, केव्हा, किती जोराने वाजला ही माहिती थेट आकड्यांत मिळू लागली. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५० च्या दशकात डिझ्नीकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले होते. फ्रेम मोजून काम करण्याची सवय या शहराला तेव्हापासूनची आहे.

मात्रा आणि फ्रेम

चित्रपटासाठी सेकंदाला २४ आणि भारतातील दूरचित्रवाणीसाठी २५ फ्रेम असतात. एका मात्रेला किती फ्रेम येतात हे काढण्यासाठी पहिल्या बाबतीत १४४० ला आणि दुसऱ्या बाबतीत १५०० ला मिनिटातील मात्रांनी भागायचे. २४ फ्रेमवर ७२, ९०, ९६, १२० आणि १४४ या लयी अनुक्रमे २०, १६, १५, १२ आणि १० फ्रेमना चोख बसतात. २५ वर ७५, १००, १२५ आणि १५० बसतात. १२० मात्र साडेबारावर अडकते. गाणे अजून बनायचे असेल तर संगीत संयोजकाला १२० ऐवजी १२५ चा क्लिक (वादकांना कानात ऐकवला जाणारा ठरावीक ठोका) चालेल का, हे विचारून घ्यावे. विचारायला काही लागत नाही, आणि दोन आठवड्यांची कटकट वाचते.

बहुतेक वेळा लय आधीच ठरलेली असते आणि भागाकार पूर्णांकात येत नाही. १२८ च्या लयीत २५ फ्रेमवर एका मात्रेला ११.७२ फ्रेम येतात. नवशिका त्याचे १२ करतो आणि दर बारा फ्रेमवर कीफ्रेम (हालचालीची स्थिती ठरवणारी खूण) टाकत जातो. पहिल्या चार मात्रा ठीक दिसतात, पण ३२ व्या मात्रेला चित्र तब्बल ९ फ्रेम मागे पडलेले असते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक मात्रेची वेळ गाण्याच्या आरंभापासून मोजायची आणि मग ती जवळच्या फ्रेमवर न्यायची: ०, १२, २३, ३५, ४७, ५९, ७०, ८२, ९४. अंतरे ११ आणि १२ अशी कमीजास्त होतात, ते डोळ्याला कळत नाही. चूक कधीही अर्ध्या फ्रेमपलीकडे जात नाही.

क्लिकवर न वाजवलेल्या संगीताला हे गणित लागू पडत नाही. अभंगाची लय चढत जाते. भजनी ठेका सुरुवातीला जितका सावकाश असतो तितका शेवटच्या गजरात राहत नाही. अशा वेळी प्रत्येक आवर्तनाच्या समेवर खूण टाकतात आणि मधल्या सात मात्रा त्या दोन खुणांत वाटून देतात. खूण टाळाच्या आघातावर टाकावी, कारण वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, टाळ सुईसारखा उभा दिसतो. बासरीचा स्वर हळूहळू उमलतो. त्याची रेघ जिथे सुरू होते तिथे खूण टाकली तर चित्र घाईत असल्यासारखे वाटते, म्हणून ती कानाला स्वर ‘लागला’ असे वाटते तिथे सरकवतात.

२४ फ्रेमवर केलेले काम २५ वर नुसते पळवले तर ते सुमारे ४ टक्के जास्त वेगाने जाते आणि सूरही चढतो. पांढरी एकमधले गाणे काळी एकच्या दिशेने निघते आणि मध्येच थांबते, म्हणजे पेटीच्या कोणत्याच पट्टीत राहत नाही. तेव्हा अंतिम फ्रेमदर पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा.

समेच्या आधी

तबल्यात समेवर येण्याला जितके महत्त्व, तितकेच समेकडे नेणाऱ्या आमदीला. अ‍ॅनिमेशनचेही तसेच आहे. ढोलावर टिपरू मात्रेला पडायचे असेल तर हात मात्रेच्या आठ-दहा फ्रेम आधी उचलायला लागतो, वर दोन फ्रेम थबकतो, तीन फ्रेमांत खाली येतो, मात्रेवर टेकतो, आणि नंतरच्या पाच-सहा फ्रेमांत उसळून स्थिरावतो. जुळवाजुळवीतले बहुतेक श्रम या आधीच्या फ्रेमांत जातात. टेकण्याची फ्रेम बरोबर असूनही दृश्य ‘मेलेले’ वाटले, तर दोष बहुधा वरच्या थबकण्यात असतो.

टेकण्याची फ्रेम मात्रेवर किंवा एक फ्रेम आधी ठेवतात, मागे कधीच नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत आवाज चित्राच्या पुढे गेल्यास सुमारे ४५ मिलिसेकंदांवर आणि मागे पडल्यास सुमारे १२५ मिलिसेकंदांवर फरक जाणवू लागतो असे दिले आहे. ही असमानता ओळखीची आहे. मिरवणुकीत लांबच्या पथकाचे टिपरू आधी पडलेले दिसते आणि थाप नंतर ऐकू येते, त्यामुळे आवाज किंचित उशिरा आलेला मेंदूला चालतो. अर्थात १२५ मिलिसेकंद म्हणजे तीन फ्रेम; ढोलासारख्या धारदार आवाजाला इतकी सूट घेऊ नये.

ताशा वेगळीच परीक्षा घेतो. तर्री, म्हणजे सलग जलद ठोके, सेकंदाला १२ ठोक्यांवर गेली की २५ फ्रेमवर एका ठोक्याला जेमतेम दोन फ्रेम मिळतात. काडी एका फ्रेममध्ये वर, दुसरीत खाली. पाहणाऱ्याला हात लखलखताना किंवा चक्क थांबलेला दिसतो. खरा ताशावाला दोन काड्या आलटून पालटून मारतो, तेच इथे करायचे: प्रत्येक काडीला चार फ्रेम मिळतात आणि हालचाल वाचता येते. काडीचा झोका लहान ठेवून मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) वाढवला तर आणखी बरे. मोठ्या ठोक्यांवर मात्र ब्लर उलटतो, कारण टेकण्याची फ्रेमच फासली जाते. तिथे टेकलेली स्थिती पूर्ण एक फ्रेम धरून ठेवावी. काम ‘ऑन टूज’, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरून, चालले असेल तर आघाताच्या आसपास एकेका फ्रेमवर उतरावे.

आवाजातून थेट हालचाल

ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या प्रोग्रॅममध्ये ध्वनिफाइलवरून एफ-कर्व्ह, म्हणजे हालचालीचा आलेख, तयार करण्याची आज्ञा आहे. आफ्टर इफेक्ट्स या प्रोग्रॅममध्ये आवाजाच्या पातळीचे कीफ्रेम करून मिळतात. ब्लेंडरमध्ये खालची आणि वरची वारंवारता ठरवता येते, त्यामुळे डग्गा आणि चाट (तबल्याच्या काठावरचा आघात) काही प्रमाणात वेगळे काढता येतात. तिथे ‘रिलीज’ची, म्हणजे कर्व्ह खाली उतरायला लागणाऱ्या वेळेची, मूळ किंमत ०.२ सेकंद, म्हणजे २५ फ्रेमवर ५ फ्रेम असते. द्रुत लयीत ती कमी केली नाही तर कर्व्ह खाली उतरायच्या आत पुढचा ठोका येतो आणि आकृती सतत फुगलेलीच राहते.

हे साधन जिथे तिथे वापरण्याचा मोह टाळावा. आवाजातून काढलेला कर्व्ह आघात झाल्यानंतरच उठतो. त्याला पुढचे माहीत नसते, म्हणून आमद नसते. दिव्यांची उघडझाप, रंग, आकार, कणांचा फवारा यांना तो उत्तम. हात, पाय, मान यांना जोडला की पात्र दचकत राहते. मिडीची नोंद असेल तर पुढचे सगळे स्वर आधीच दिसतात, म्हणून वाद्य वाजवणाऱ्या पात्रांसाठी ती मागून घ्यावी. आघाताच्या जोराचा १ ते १२७ हा आकडा हात किती उंच उचलायचा यासाठी उपयोगी पडतो.

फाइल घेताना

पायलट ट्रॅकवर, म्हणजे कच्च्या ध्वनिमुद्रणावर, अर्धे काम झाले आणि अंतिम मिक्समध्ये सुरुवातीचे चार सेकंद कापले गेले, ही या धंद्यातली नेहमीची तक्रार. त्यावर टू-पॉप हा जुना इलाज आहे: चित्राच्या पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेमभर १००० हर्ट्झची ‘टूं’. प्रत्येक नव्या मिक्समध्ये ती असेल तर सरकलेली फाइल पाच सेकंदांत पकडता येते. ध्वनी ४८,००० हर्ट्झच्या वेव्ह (WAV) फाइलमध्ये, आणि ढोलकी, टाळ, गायन असे ट्रॅक वेगळे मागावेत. एमपी३ घेऊ नये. एन्कोडिंगमध्ये सुरुवातीला थोडी शांतता चिकटते, आणि ती प्रत्येक प्रोग्रॅम सारखीच कापतो असे नाही. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेला नमुना व्हिडिओ बदलत्या फ्रेमदराचा असू शकतो. त्यावरून वेळा मोजू नयेत. काम दाखवताना ब्लूटूथ स्पीकर लावला तर आवाज उशिरा येतो आणि नसलेल्या चुका सुधारण्यात संध्याकाळ जाते.

मराठी ओठ

बालगीतांत सगळे अवलंबून असते ते ओठ मिटण्यावर. प, ब, भ, म यांना ओठ पूर्ण मिटलेले किमान दोन फ्रेम दिसले पाहिजेत, आणि ते आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी मिटायला हवेत. फ साठी मूळ ध्वनिमुद्रण ऐकावे. मुंबईत अनेक गायक तो वरचे दात खालच्या ओठाला लावून उच्चारतात. तिथे ओठ मिटवले तर तोंड दुसरेच काही म्हणताना दिसते. ट, ठ, ण, ळ यांतला फरक बाहेरून दिसत नाही, त्यावर वेळ घालवू नये.

मंडपात

पूर्वीच्या हलत्या देखाव्यांत मोटरीवर फिरणाऱ्या मूर्ती, रंगीत दिवे आणि टेपवरचे निवेदन असे. कोणीतरी पडद्याआड बसून निवेदनाच्या शब्दावर बटणे दाबी. आता अनेक मंडळे त्याच जागी एलईडी भिंत किंवा प्रोजेक्शन लावतात, आणि आवाजाचा वेग आडवा येतो. मुंबईच्या उकाड्यात आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. स्पीकर मूर्तीपाशी आणि रांग ३५ मीटर मागे असेल तर तिथे आवाज १०० मिलिसेकंद, म्हणजे अडीच फ्रेम उशिरा पोहोचतो. एकच जुळणी सगळ्यांना बरोबर दिसू शकत नाही, तेव्हा गर्दी जिथे सर्वांत जास्त वेळ थांबते ती जागा धरतात. पांढरी फ्रेम आणि टिचकी एकाच क्षणी असलेली चाचणी फाइल वाजवून त्या जागेवरून फोनवर चित्रित करावी. भिंतीच्या प्रोसेसरचा विलंब आणि हवेतला विलंब यांची वजाबाकी त्यातच मिळते, आणि तेवढा आवाज पुढे किंवा मागे सरकवता येतो.

चित्र एका यंत्रावर आणि आवाज दुसऱ्यावर, ही मांडणी पहिल्या दिवशी चालते. दोन घड्याळांत दशलक्षात ५० इतका फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद, म्हणजे साडेचार फ्रेम पडतात. दुपारी लावलेला देखावा संध्याकाळच्या आरतीपर्यंत साफ सुटलेला असतो. आवाज व्हिडिओच्या फाइलमध्येच बसवावा, ते जमत नसेल तर दर फेरीला दोन्ही यंत्रे शून्यापासून सुरू करावीत. जनरेटरवर वीज बदलताना एकच यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते, त्यासाठीही हेच बरे.

सवलतीचे दिवस सोडले तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात, रांग मात्र संपलेली नसते. त्या वेळेसाठी वेगळी मूक फाइल ठेवतात. तिच्यातून आवाजावर उघडझाप करणारे दिवे काढून टाकतात, कारण ठोका ऐकू न येता लुकलुकणारा दिवा बिघडल्यासारखा वाटतो. ढोल वाजवणारे हात तसेच ठेवतात.