पिऊन गाडी चालवणाऱ्यांचा क्लास घेतात, त्याने खरंच फरक पडतो का?

दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं की दंड होतो, लायसन्स जातं, हे सगळ्यांना माहितीये, पण बऱ्याच देशांत अशा लोकांना चक्क क्लासला बसवतात, आणि हे काही आजचं नाही, अमेरिकेत फिनिक्स शहरात १९६६ सालीच असा कोर्स सुरू झाला होता. तेव्हा समजूत अशी होती की धोका कळला की माणूस सुधारेल. आता पिऊन गाडी चालवू नये हे माहीत नसलेला माणूस आहे कुठे? १९९५ मध्ये २१५ अभ्यास एकत्र करून पाहिले तर असे कार्यक्रम केलेल्यांमध्ये पुन्हा तोच गुन्हा करण्याचं प्रमाण साधारण ७ ते ९ टक्क्यांनी कमी निघालं, आणि जिथे क्लासच्या जोडीला समुपदेशन आणि नंतरची देखरेख होती तिथे गुण जास्त आला.

खरी गोची अशी आहे की "मी ठीक आहे ना, चालवू शकेन ना" हे ज्या मेंदूने ठरवायचं तोच आधी झिंगलेला असतो. म्हणून चांगल्या कोर्समध्ये नुसतं भाषण झोडत नाहीत, तर घरी परत कसं जायचं हे पहिल्या पेगच्या आधीच ठरवायची सवय लावतात, आणि गणित करून घेतात. रक्तातली दारू तासाला १०० मिलीमागे साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते, म्हणजे रात्री १२ ला कुणाची १५० असेल तर सकाळी ७ ला तो आंघोळ करून, कडक कॉफी पिऊन गाडीत बसला तरी ४५ उरलेलीच असते (स्वीडनमध्ये मर्यादा २० आहे, तिथे हा सरळ गुन्ह्यात अडकतो). कॉफीने झोप उडते, दारू उतरत नाही, लिव्हर आपल्याच स्पीडने काम करतं.

ज्याला व्यसनच लागलंय त्याचं काय, तर त्याला हे गणित काय कामाचं, त्याला उपचार लागतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची ऑडिट नावाची चाचणी घेऊन कोण कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी बघतात.

गाडीत इंटरलॉक बसवायचाही एक उपाय आहे, त्यात फुंकून श्वासात दारू नाही हे दिसल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, आणि मित्राने फुंकून दिलं असं होऊ नये म्हणून रस्त्यात मध्येच परत फुंकायला लावतात. हे यंत्र असेपर्यंत पुन्हा पकडलं जाण्याचं प्रमाण जवळपास दोन तृतीयांशाने घटतं, पण काढलं की बराचसा फायदा ओसरतो, त्यामुळे ते गाडीत आहे तोवरच उपचार उरकून घ्यावेत असं बरेच तज्ज्ञ सांगतात.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याचा २००५ पासूनचा प्रयोग. तिथे अशा लोकांची रोज सकाळ-संध्याकाळ श्वासाची टेस्ट होते, प्यायलेला सापडला की लगेच एखाददोन दिवस आत, बस. शिक्षा तशी किरकोळ, पण चुकत नाही आणि लांबत नाही, आणि हा कार्यक्रम सुरू झालेल्या काउंट्यांमध्ये (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये) पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा पकडले जाणारे सुमारे १२ टक्क्यांनी कमी झाले, वर घरगुती मारहाणीच्या अटकाही ९ टक्क्यांनी घटल्या.