बूट फाईल की बूट एंट्री? फॉरमॅट मारण्याआधी नेमकं काय गेलं ते पाहा

आर्वी तालुक्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेत चार जुने डेस्कटॉप आहेत. पोलीस भरतीची, एमपीएससीची तयारी करणारी पोरं त्यांवर सराव पेपर सोडवतात. मृगाच्या आधी धूळ काढायला एकाचं झाकण उघडलं, डिस्कची वायर निसटली आणि मशीन तशीच एकदा चालू केली गेली. वायर परत लावली, तरी पडद्यावर एवढंच : बूट करण्यासारखं काही सापडलं नाही. अभ्यासिका सांभाळणाऱ्या पोराचा फोन आला, "दादा, डिस्क गेली वाटते. फॉरमॅट मारू काय?"

"हात नको लावू. मी येऊन राहिलो."

आपल्याकडे मशीन सुरू झाली नाही की पहिला उपाय फॉरमॅटचाच. त्यात कित्येकांचे फोटो, हिशेब, टाईप केलेल्या नोट्स विनाकारण गेल्या आहेत. कारण एकच : बूट फाईल आणि बूट एंट्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या जागी राहतात, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

मशीन चालू होताच मदरबोर्डवरचा एक प्रोग्रॅम आधी चालतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या मशीनींत तो बायोस असायचा आणि त्यात हा घोळ नव्हता. तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचायचा आणि त्यातला कोड चालवायचा. आता बहुतेक संगणकांत बायोसच्या जागी यूईएफआय हे नवं फर्मवेअर असतं आणि त्याला फाईली वाचता येतात. डिस्कवर एक छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) असतं, ईएफआय सिस्टीम पार्टिशन, बहुधा फॅट३२चं. त्यात 'ईएफआय' नावाचं फोल्डर, त्यात प्रत्येक सिस्टीमचं आपापलं फोल्डर, आणि त्यात .ईएफआय शेपटीची फाईल. हीच बूट फाईल. हा खराखुरा प्रोग्रॅम असतो : लिनक्स सुरू करून देणारा ग्रब असेल, विंडोजचा बूट मॅनेजर असेल, किंवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाईलींचा गठ्ठा) एकत्र बांधलेली अख्खी बूट इमेज असेल.

बूट एंट्री मात्र डिस्कवर नसतेच. ती मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये असते. बूट००००, बूट०००१ असे तिचे नंबर. आत मेनूत दिसणारं नाव, पार्टिशनचा जीयूआयडी (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि फाईलचा पत्ता. कोणती एंट्री आधी पाहायची, हे 'बूटऑर्डर' नावाच्या वेगळ्या यादीत.

शेतकऱ्याच्या घरात हे समजावणं सोपं जातं. बूट फाईल म्हणजे शेत, एंट्री म्हणजे सातबारा, जीयूआयडी म्हणजे गट नंबर. सातबाऱ्याचा कागद हरवला म्हणून शेत कुठं जात नाही. आणि कागद हातात असला तरी पुरात जमीन खरडून गेलेली असू शकते.

म्हणून डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर फाईल सोबत जाते, एंट्री जुन्या मदरबोर्डवरच राहते. उलट डिस्क फॉरमॅट केली तर फाईल जाते, एंट्री तशीच उरते. मेनूत नाव दिसतं, निवडलं की काहीच होत नाही. सगळ्यात फसवा तिसरा प्रकार : नवीन एसएसडी घेतली, पार्टिशन केलं, जुन्या डिस्कवरून फाईली कॉपी केल्या. फाईलही आहे, एंट्रीही आहे, पण नव्या पार्टिशनचा जीयूआयडी वेगळा, म्हणून गाठ पडत नाही.

मग पेनड्राइव्ह कोणत्याही मशीनवर एंट्रीशिवाय कसा चालतो? त्यासाठी एक ठरलेला पत्ता आहे : ईएफआय फोल्डरमधलं बूट फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४.ईएफआय. एंट्री नसली तरी फर्मवेअर तिथं डोकावून पाहतं. मात्र आयएसओ फाईल (अख्ख्या डिस्कची एकाच फाईलमधली प्रत) जशीच्या तशी पेनड्राइव्हवर पेस्ट केली तर फर्मवेअरला हे फोल्डर दिसणारच नाही. आयएसओ नीट लिहावी लागते.

अभ्यासिकेत मी याच वाटेनं गेलो. डेबियन या लिनक्स सिस्टीमचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून सिस्टीम थेट चालते) लावला, तोही यूईएफआय मोडमध्येच, कारण जुन्या बायोस मोडमध्ये चालू केला तर एंट्र्या वाचताच येत नाहीत. डिस्कचं छोटं पार्टिशन उघडलं. डेबियनचं फोल्डर जागेवर, शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) आणि ग्रब दोन्ही फाईली शाबूत. पोराला म्हटलं, "पाय, शेत आहे जाग्यावर." मग ईएफआयबूटएमजीआर हा आदेश चालवला. यादीत पेनड्राइव्ह होता, नेटवर्क होतं, डेबियन नव्हतं. काही फर्मवेअर डिस्क दिसली नाही की तिची एंट्री पुसून टाकतात आणि डिस्क परत आली तरी ती आपोआप लिहीत नाहीत. इथं तेच झालं होतं.

त्याच आदेशाला डिस्क, पार्टिशनचा नंबर, नाव आणि शिमच्या फाईलचा पत्ता दिला. नवी एंट्री तयार झाली आणि बूटऑर्डरमध्ये सगळ्यात वर बसली. काही मशीनींच्या सेटअपमध्येही बूट ऑप्शन जोडायची सोय असते, तिथं आदेशाचीही गरज नाही.

पेनड्राइव्ह काढून मशीन चालू केली. पोराच्या सहा महिन्यांच्या नोट्स डेस्कटॉपवर होत्या तशा होत्या. त्यानं आधी त्याच उघडून पाहिल्या. मग आम्ही चारही मशीनींवर ग्रब पुन्हा बसवला, या वेळी 'फोर्स एक्स्ट्रा रिमूव्हेबल' हा पर्याय देऊन, म्हणजे बूटएक्स६४ नावाची जादा प्रतही त्या ठरलेल्या पत्त्यावर राहील. चौथ्या मशीनचं त्यानं एकट्यानं केलं.