अडचणीची फाइलनावे

कमांड लाइनवर जशीच्या तशी टाइप केली की ज्यांचा भलताच अर्थ लागतो, ती अडचणीची फाइलनावे. युनिक्स व लिनक्समध्ये फाइलच्या नावात दोनच गोष्टींना मज्जाव आहे: तिरकी रेघ (/) आणि शून्य मूल्याचा बाइट. स्पेस, तारका, अवतरणचिन्ह, एवढेच काय, नवी ओळसुद्धा चालते. फाइल सिस्टिमला अशा नावांचे वावडे नसते; घोळ होतो तो शेलपाशी, म्हणजे टाइप केलेली आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामपाशी. आज्ञा चालवण्याआधी शेल ओळीचे तुकडे पाडतो आणि खास चिन्हांचा अर्थ लावून मोकळा होतो.

‘जुने फोटो’ ही फाइल पुसायला ‘आरएम जुने फोटो’ (आरएम, rm, ही फाइल पुसण्याची आज्ञा) असे लिहिले, तर आरएमच्या हाती दोन नावे पडतात. दोन्ही नावांच्या फाइली नसल्या तर तक्रार दोनदा येते, आणि तेच बरे. शेजारी ‘फोटो’ नावाची वेगळी फाइल असली तर ती मुकाट्याने पुसली जाते. नाव एकेरी अवतरणात घातले की आतले सगळे जसेच्या तसे राहते. दुहेरी अवतरणात डॉलर चिन्हाचा अर्थ मात्र लागतोच. हाताने टाइप करताना दोनतीन अक्षरे लिहून टॅब दाबणे सर्वांत सोपे: खास चिन्हाचा अर्थ काढून घेणारा बॅकस्लॅश (\) शेलच घालतो.

हायफनने सुरू होणारे नाव अधिक कपटी. तिथे अवतरण कामाचे नाही, कारण ते शेल काढून टाकतो आणि आज्ञेला तो पर्यायच (तिचे वर्तन बदलणारी खूण) वाटतो. ‘-आरएफ’ (-rf, आरएमला उपफोल्डरांसह न विचारता पुसायला सांगणारा पर्याय) अशा नावाची फाइल असलेल्या फोल्डरात ‘आरएम *’ चालवले, जिथे तारकेच्या जागी शेल सगळी नावे घालतो, तर उपफोल्डरही न विचारता जातात. नावाआधी ‘./’ लावावे, किंवा ‘--’ लिहून पर्याय संपल्याचे सांगावे. पहिली सवय जास्त भरवशाची, कारण ‘--’ प्रत्येक आज्ञेला कळतेच असे नाही.

नावात नवी ओळ असेल तर ओळीओळीने यादी वाचणाऱ्या स्क्रिप्ट फसतात. त्यावर फाइली शोधणाऱ्या फाइंड (find) आज्ञेचा ‘-प्रिंट०’ आणि मिळालेली नावे दुसऱ्या आज्ञेला देणाऱ्या एक्सआर्ग्सचा (xargs) ‘-०’ हे पर्याय आहेत. नावे शून्य बाइटने वेगळी होतात. पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणकात ते २०२४च्या आवृत्तीत आले, वापरात मात्र कितीतरी आधीपासून होते.

नाव टाइपच करता येत नसेल, तर फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस -आय’ने (ls -i) आयनोड क्रमांक, म्हणजे फाइल सिस्टिमने फाइलला दिलेला क्रमांक, पाहून फाइंडच्या ‘-आयनम’ने फाइल गाठता येते.

देवनागरी नावांत लांबीचीही अडचण असते. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर मर्यादा २५५ बाइटची, आणि अक्षरे बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जात असल्याने ‘कविता’ पंधरा बाइटची होते, आणि ८५ चिन्हांत नाव संपते.