विकासात्मक भाषा विकारातील वाक्याकलन

विकासात्मक भाषा विकार असलेल्या मुलाला ऐकू नीट येते, वाक्यातले शब्दही ओळखीचे असतात. तरी कोणी कोणाला काय केले, हे त्याला पुष्कळदा उलगडत नाही. शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांत हा विकार आढळतो. बहिरेपणा, स्वमग्नता किंवा मेंदूची इजा त्यामागे नसते.

रोजच्या बोलण्यात ही अडचण लपून राहते. ‘मुलीने सफरचंद खाल्ले’ हे वाक्य समजायला व्याकरण लागतच नाही. ‘मुलाला मुलीने ढकलले’ यात मात्र दोघांपैकी कोणीही ढकलू शकते आणि सगळा अर्थ ‘ने’ व ‘ला’ यांवर अवलंबून असतो. असे मूल अनेकदा आधी आलेल्यालाच कर्ता धरते. ‘खेळायला जाण्यापूर्वी दप्तर भर’ म्हटले की ते आधी खेळायला पळते, आणि ऐकत नाही म्हणून बोलणी खाते.

यामागे एकच सर्वमान्य कारण नाही. शब्द ओळखायला थोडा जास्त वेळ लागतो, तोवर पुढचे शब्द येऊन थडकतात. आधीचे शब्द धरून ठेवत पुढचे जोडणारी कार्यकारी स्मृतीही तोकडी पडते. तीन-चार अक्षरांचे निरर्थक शब्द ऐकून परत म्हणायला लावले की ते दिसते. पण सगळा दोष वाक्याच्या लांबीवर ढकलता येत नाही. वरचे ढकलण्याचे वाक्य तीनच शब्दांचे आहे.

तपासणीत आधी श्रवणचाचणी. मग परिचित शब्दांचे वाक्य एकदाच, हातवारे न करता म्हणायचे आणि चार चित्रांतून योग्य ते दाखवायला सांगायचे. त्यांत एक चित्र भूमिका उलटलेले हवेच. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चारात एक, म्हणून एका वाक्यरचनेची निदान चार वाक्ये घेतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डॉरोथी बिशप यांच्या वाक्याकलनाच्या प्रसिद्ध इंग्रजी चाचणीच्या दुसऱ्या आवृत्तीत अशा २० रचना, ८० वाक्ये आहेत. तिचे नुसते भाषांतर करून इंग्रजीचेच गुणमान (कोणत्या वयाला किती गुण अपेक्षित, हे ठरवणारे प्रमाण) लावणे चूक, कारण रचनांची काठिण्यपातळी भाषेगणिक बदलते. द्विभाषिक मूल दोन्ही भाषांत तपासावे.

तेच वाक्य मोठ्याने पुन्हा सांगून उपयोग होत नाही. सूचना घटनाक्रमाने तोडाव्यात: ‘दप्तर भर. मग खेळायला जा.’ दोन सूचनांमध्ये थांबावे. ‘समजलं का?’ याला उत्तर बहुधा ‘हो’च येते, त्याऐवजी बाहुल्या देऊन प्रसंग करून दाखवायला सांगावे.